सोलापुरातून क्रॅब तेजोमेघ: शोधायचा कसा आणि १०५४ हे साल स्वतः मोजायचे कसे

४ जुलै १०५४ च्या पहाटे चीनच्या राजज्योतिषांनी वृषभेत एक नवा तारा टिपला. अशा ताऱ्याला ते ‘पाहुणा’ म्हणत. हा पाहुणा २३ दिवस भरदिवसा दिसत होता आणि रात्री नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला तो एप्रिल १०५६ मध्ये. त्या काळी सोलापूरचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता आणि गादीवर पहिला सोमेश्वर होता. पावसाळ्यातले ढग धरले तरी पुढचे दोन हिवाळे तो तारा इथल्या आकाशात होताच. जयंत नारळीकर आणि सरोजा भाटे यांनी भारतीय साहित्यात त्याच्या नोंदी शोधल्या, पण निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती आली नाही. म्हणून तारखेसाठी आजही चीन आणि जपानच्या दप्तरांवरच भिस्त आहे.

हा पाहुणा म्हणजे अतिनवतारा, स्फोट होऊन फुटलेला तारा. त्याचा अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ, मेसिए यांच्या धूसर वस्तूंच्या यादीतला पहिला, एम१. सोलापूरकरांना तो पाहायला एक मोठी सोय आहे. आपला अक्षांश १७.७ अंश उत्तर आणि तेजोमेघाची क्रांती (आकाशाच्या विषुववृत्तापासूनचे अंतर) २२ अंश उत्तर. म्हणजे मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा तो डोक्याच्या नेमक्या बिंदूपासून फक्त सव्वाचार अंश उत्तरेला असतो. क्षितिजाजवळची धूळ, धूर आणि गाळप हंगामातला साखर कारखान्यांचा उजेड हे सगळे खाली राहते. पुढे दोन कामे सांगितली आहेत. पहिले म्हणजे तेजोमेघ दुर्बिणीत पकडणे. दुसरे, घरी बसून दोन जुन्या फोटोंवरून त्याचे जन्मसाल काढणे. दुसरे काम लोक सहसा करत नाहीत, आणि खरी गोडी त्यातच आहे.

कधी आणि कुठून

तेजोमेघ मध्यमंडलावर येण्याच्या सोलापूरच्या वेळा साधारण अशा: नोव्हेंबरच्या मध्याला पहाटे अडीच, डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेबारा, जानेवारीच्या मध्याला साडेदहा, फेब्रुवारीच्या मध्याला साडेआठ. रोज चार मिनिटे अलीकडे सरकत जायचे. एप्रिलच्या मध्याला अंधार पडेपर्यंत तो पश्चिमेकडे बराच कललेला असतो. मे-जूनमध्ये त्याचा नाद सोडा, कारण जूनच्या मध्याला सूर्यच त्याच्या शेजारी असतो.

दिवस पंचांग पाहून ठरवा. संध्याकाळचे निरीक्षण असेल तर कृष्ण षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस धरा. चंद्र दर महिन्याला वृषभेतूनच जातो, त्यामुळे पौष-माघातली शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा अगदी वाया जाते. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस चंद्राच्या हिशेबाने चांगले आले तरी शहरातून प्रयत्न करू नका. होम मैदानाच्या बाजूचा झगमगाट आणि शोभेच्या दारूचा धूर आकाशाचा वरचा भागही उजळवतो.

शहरापासून २५-३० किलोमीटर बाहेर पडा. बार्शी रोडने नान्नजच्या पलीकडे (माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र जायचे नाही), तुळजापूर रोडने हिप्परगा तलाव बराच मागे टाकून, किंवा मंगळवेढा रोडने बेगमपूरच्या पुढे. शेतमालकाला आधी विचारून ठेवा. उसाला नुकतेच पाणी दिलेले रान टाळा. तिथे रात्री दहानंतर दव धरते आणि फाइंडरची, म्हणजे दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या नेमदुर्बिणीची, काच सगळ्यात आधी धुरकट होते. ज्वारीच्या रानाच्या कडेचा कोरडा बांध किंवा माळ उत्तम. पायात बूट हवेत.

जागा पुरेशी काळोखी आहे का, हे ठरवायची सोपी कसोटी अशी: कृत्तिकांमध्ये नुसत्या डोळ्यांनी सहा तारे सुटे दिसले पाहिजेत. चारच दिसत असतील तर अजून पुढे जा.

शिंगाच्या टोकापासून

तेजोमेघाची प्रत ८.४ आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू फिकी). हा आकडा ऐकून तो सहज दिसेल असे वाटते. पण तेवढा प्रकाश ६ कला लांब आणि ४ कला रुंद (एका अंशाच्या ६० कला) अशा डागावर पसरलेला आहे, त्यामुळे ८.४ प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तो पकडायला कितीतरी अवघड. म्हणून तो दिसण्याची वाट पाहण्याआधी दुर्बीण नेमक्या जागी रोखता आली पाहिजे.

आधी रोहिणी. तांबूस, ठळक, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ताऱ्यांच्या घोळक्यात. त्या व्हीचे दोन्ही पाय पूर्वेकडे लांबवले की बैलाची शिंगे होतात. उत्तरेच्या शिंगाचे टोक म्हणजे अग्नी, चांगला तेजस्वी, प्रत १.७. दक्षिणेच्या शिंगाचे टोक म्हणजे झीटा टॉरी, प्रत ३. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश व्यापते. रोहिणीपासून झीटा दीड मूठ, आणि झीटापासून अग्नी मुठीपेक्षा जरा कमी, ८ अंश. मृगातल्या काक्षीपासून उत्तरेकडे सुमारे दीड मूठ गेलात तरी झीटाच लागतो. दोन्ही वाटांनी एकाच ताऱ्यावर आलात, तर तारा बरोबर आहे.

आता झीटापासून अग्नीकडे जाणाऱ्या रेषेचा फक्त सातवा हिस्सा चाला. तिथून काटकोनात रोहिणीच्या बाजूला पाऊण चंद्रबिंबाएवढे सरका. तेजोमेघ तिथे आहे. झीटापासूनचे सरळ अंतर ६८ कला, म्हणजे सव्वा अंशाच्या आत, वायव्येला.

८ इंची, १२०० मिलिमीटर नाभी-अंतराची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) असेल तर ३२ मिलिमीटरचा प्लॉसल आयपीस लावा. ३७ पट मोठे दिसते आणि क्षेत्र सव्वा अंशाहून थोडे जास्त मिळते. म्हणजे झीटा क्षेत्राच्या एका काठाला ठेवला की तेजोमेघ समोरच्या काठाच्या आत येतो. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये क्षेत्र जेमतेम एक अंश असते. त्यात झीटा बाहेर जाईपर्यंत तेजोमेघ आत येत नाही, आणि बरेच जण इथेच चुकतात: तारा गेला म्हणून घाबरून परत फिरतात.

दुसरी चूक दिशेची. न्यूटनी, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत (डॉब्सोनियनही त्यातलीच) चित्र १८० अंशांत फिरलेले असते, तर डायगोनल (काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या अपवर्ती, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीत डावे-उजवे उलटे. पाठ करत बसू नका. झीटा क्षेत्राच्या मध्यावर आणा, दुर्बिणीला हात लावू नका, मिनिटभर थांबा. तारा ज्या बाजूला सरकतोय ती पश्चिम. मग नळी हलकेच ध्रुवताऱ्याकडे ढकला. क्षेत्रात ज्या बाजूने नवे तारे आत येतात ती उत्तर. या दोघींच्या मधली दिशा धरून सरका.

तिसरी अडचण सोलापूरच्या अक्षांशाचीच. तेजोमेघ अगदी डोक्यावर असताना डॉब्सोनियन नळी सरळ उभी होते आणि आडवी फिरवली तर नुसती स्वतःभोवती गरगरते, तारा मात्र जागचा हलत नाही. सरळ उभ्या फाइंडरमध्ये मान घालणेही अशक्य. म्हणून मध्यमंडलावर येण्याच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर पाहा. तेव्हा उंची ६० अंशांच्या वर असते, म्हणजे आकाश अजून स्वच्छ, आणि नळी नीट ऐकते. जानेवारीच्या मध्याला याचा अर्थ रात्री साडेआठ.

डोळा कसा बसवायचा

पुरी पंचवीस मिनिटे अंधारात राहा. मोबाइल गाडीतच ठेवा. नकाशासाठी टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबरबँडने बांधा. एक पदर पुरत नाही, त्यातून पांढरा उजेड झिरपतो. आयपीसला डोळा लावताना डोक्यावरून जाड सोलापुरी चादर घ्या. बाजूचा उजेड पूर्ण तुटतो आणि फरक लगेच जाणवतो. फक्त श्वास आयपीसवर जाणार नाही याची काळजी घ्या.

तेजोमेघाकडे थेट पाहू नका. नजर क्षेत्राच्या अर्ध्या त्रिज्येएवढी बाजूला ठेवा आणि लक्ष मध्यावर. नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा. क्षेत्र थरथरले की स्थिर असताना न दिसणारा डाग क्षणभर उठून दिसतो, कारण डोळ्याच्या कडेला हालचाल चटकन कळते.

दिसते ते असे: अंडाकृती, राखाडी, कडा विरघळत गेलेल्या, काचेवर फुंकर मारल्यावर उमटते तसा वाफेचा ठसा. लांब बाजू वायव्य-आग्नेय. लाल-निळे तंतू दिसणार नाहीत. ते तासन्‌तास साठवलेल्या प्रकाशाचे काम. १० x ५० च्या द्विनेत्रीतही काळोख्या माळावरून तो कळतो, पण फक्त ‘इथे काहीतरी आहे’ एवढाच. ८ इंचीमध्ये ५० ते ८० पट सगळ्यात सुखाचे. १५० पटीला तो इतका फिका होतो की हातचा निसटतो. मध्यभागी असलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा अतिघन गाभा, १६.५ प्रतीचा आहे. या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर.

इतके करून काहीच दिसले नाही, तर क्रमाने तपासा. फाइंडर दुर्बिणीशी जुळलेला आहे का? दिवसा दूरच्या टॉवरच्या टोकावर जुळवून घ्यावा, रात्री नव्हे. आरशावर धूळ साचली आहे का? उन्हाळ्यात उघडी राहिलेली दुर्बीण हिवाळ्यात असल्या फिक्या वस्तूंना दगा देते. धुळीने विखुरलेल्या उजेडात आधी हेच बुडतात. आणि आकाशात पातळ ढग नाहीत ना, हे झीटाभोवती कडे दिसते का यावरून कळते.

फिल्टरबद्दल एक सल्ला

तेजोमेघांसाठी विकले जाणारे यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर इथे लहान दुर्बिणीत फारसे उपयोगी नाहीत, त्यावर पैसे घालू नका. हे फिल्टर तप्त वायूच्या ठरावीक रंगरेषा तेवढ्या सोडतात. क्रॅबचा बराचसा दृश्य प्रकाश मात्र तसल्या रेषांचा नाही. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतात तेव्हा निघणारा, सर्व रंगांत अखंड पसरलेला सिंक्रोट्रॉन प्रकाश तो. फिल्टर नेमका तोच खातो. बारा इंचांच्या वरच्या दुर्बिणीत ओ-थ्री लावून बाहेरचे तंतू दिसू लागतात, ती गोष्ट वेगळी.

याउलट साधा ध्रुवण फिल्टर लावून पाहाच. सिंक्रोट्रॉन प्रकाश ध्रुवित असतो (त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत डोलतात), असा अंदाज सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून निघाला आणि लगोलग निरीक्षणांनी खरा ठरला. चंद्रासाठी मिळणारा कमी-जास्त करता येणारा ध्रुवण फिल्टर दोन काचांचा असतो. त्यातली एकच काच सुटी करून आयपीसला लावा आणि आयपीस सावकाश फिरवा. १० ते १२ इंची दुर्बिणीत, चांगल्या रात्री, डागाचे वेगवेगळे भाग आळीपाळीने उजळतात आणि मावळतात. दोन्ही काचा एकत्र ठेवल्या तर सगळेच आकाश काळे होईल आणि प्रयोग फसेल.

जन्मसाल मोजणे

तेजोमेघ पसरतो आहे, हे १९२१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डंकन यांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या फोटोंवरून दाखवले. त्याच वर्षी लुंडमार्क यांनी चिनी नोंदीतला पाहुणा याच भागातला असल्याकडे लक्ष वेधले. १९२८ मध्ये हबल यांनी पसरण्याचा वेग उलटा फिरवून सुमारे नऊशे वर्षे हे वय काढले आणि दोन्ही टोके जुळवली. तेच गणित आता लॅपटॉपवर होते.

लागणारे साहित्य: पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाचे दोन फोटो. पहिले सर्वेक्षण १९५० च्या दशकातले, दुसरे त्यानंतर साधारण चार दशकांनी. दोन्ही डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे या नावाने विनामूल्य मिळतात. मध्यबिंदू विषुवांश (आकाशातले रेखांश) ५ तास ३४.५ मिनिटे, क्रांती अधिक २२ अंश १ कला द्या. आकार १५ कला गुणिले १५ कला, फॉरमॅट फिट्स. दोन्ही वेळा लाल रंगाची प्लेट घ्या. हायड्रोजनचे तंतू लालमध्ये धारदार येतात, निळ्या प्लेटवर मधला धुकट प्रकाश वरचढ होतो आणि मोजायला काही टोकदार उरत नाही. जेपेग घेऊ नका. फिट्सच्या हेडरमध्येच फोटोची नेमकी तारीख असते, ती लिहून घ्या. उघडायला अलाद्दिन किंवा डीएस९, दोन्ही फुकट.

पहिल्या सर्वेक्षणाचा एक पिक्सेल १.७ विकलांचा, दुसऱ्याचा १ विकलेचा. (एका कलेच्या ६० विकला.) म्हणून पिक्सेलमध्ये तुलना करायची नाही, विकलांतच करायची. आधी खातरजमा: तेजोमेघाबाहेरचे पाच-सहा तारे निवडा आणि त्यांच्यातली अंतरे दोन्ही फोटोंत मोजा. ती अर्ध्या विकलेच्या आत जुळली पाहिजेत. एखादा ताराच वेगळे उत्तर देत असेल तर तो स्वतः सरकणारा आहे, त्याला वगळा. सगळेच वेगळे येत असतील तर तुमचे प्रमाण चुकले आहे. पुढे जाऊ नका.

मग तेजोमेघाच्या समोरासमोरच्या कडांवरच्या, दोन्ही फोटोंत नक्की ओळखू येणाऱ्या तंतूंच्या गाठी शोधा. धुकट कड मोजू नका. ती किती बाहेरपर्यंत दिसते हे एक्स्पोजरवर ठरते, पसरण्यावर नाही, आणि या एका चुकीने उत्तर शेकडो वर्षांनी फिरते. गाठीवर झूम करून मध्यबिंदू तीनदा टिपा, सरासरी घ्या. अशा आठ ते दहा जोड्या हव्यात.

एका जोडीचे गणित असे. समजा १९५५ च्या फोटोत अंतर ३१०.० विकला, १९९५ च्या फोटोत ३२५.० विकला. वाढ १५ विकला, ४० वर्षांत. वय = नंतरचे अंतर गुणिले मधली वर्षे भागिले वाढ. ३२५ x ४० ÷ १५ = ८६७ वर्षे. १९९५ मधून वजा केले की ११२८.

हेच मोजताना वाढ १४ विकला धरली गेली तर साल येते १०६६. १६ धरली तर ११८२ किंवा ११८३. म्हणजे एका विकलेच्या चुकीला साठ वर्षे! म्हणूनच एका जोडीवर विसंबायचे नाही.

उत्तर १०५४ का येत नाही

नीट मोजणाऱ्याची सरासरी ११३० च्या आसपास येते. हे पाहून आकडे ढकलून १०५४ कडे आणण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नका. तुमची मोजणी बरोबर आहे. व्यावसायिक मोजण्यांतही तेच येते.

गणितात एक गृहीत दडलेले आहे: वेग पहिल्यापासून एकच होता. स्फोटातून उडालेला पदार्थ वाटेतल्या वायूला अडून मंदावला असता, तर आजचा मंद वेग धरून काढलेले वय खऱ्यापेक्षा जास्त आले असते आणि साल १०५४ च्या आधीचे. इथे उलटे आहे. वय कमी येते, म्हणजे तेजोमेघ आज पूर्वीपेक्षा वेगाने पसरतो आहे. कुणीतरी आतून रेटते आहे.

हा रेटणारा १९६८ मध्ये सापडला. मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे पल्सार. त्याचा फेरा दिवसाला ३६ नॅनोसेकंदांच्या आसपास लांबतो. ऐकायला क्षुल्लक, पण एवढ्या जड भोवऱ्याची गती तेवढी घटते तेव्हा सुटणारी ऊर्जा सूर्याच्या तेजाच्या लाखपट भरते. तेजोमेघ नऊशे वर्षांनी अजून उजळ का, आणि वेग घेतो का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिथे मिळाले. ताऱ्याचा स्फोट होतो आणि मागे न्यूट्रॉन तारा उरतो, हा १९३४ चा बाडे आणि झ्विकी यांचा तर्क होता. क्रॅबमुळे त्याला तारखेसकट पुरावा मिळाला. जन्माचा दिवस ठाऊक असलेला पल्सार हाती असणे ही फार मोठी गोष्ट आहे. चिनी दप्तरातली ती एक ओळ नसती तर तुमचे ११३० हेच साल खरे मानले गेले असते आणि आतला रेटा कळायला आणखी वेळ लागला असता.

क्ष-किरणांच्या खगोलशास्त्रात तर क्रॅब हे मापच होऊन बसले. एखाद्या स्रोताची तेजस्विता ‘इतके मिलिक्रॅब’ अशी सांगतात. पुढे २०११ मध्ये कळले की हे मापही काही टक्क्यांनी हलते. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने याच पल्सारच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले, ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि ज्या चंद्राला टाळायला आपण पंचांग पाहतो, त्याचाही उपयोग झालेला आहे. जुलै १९६४ मध्ये चंद्र तेजोमेघावरून सरकत असताना रॉकेटमधून क्ष-किरण मोजले गेले. ते एकदम न थांबता हळूहळू घटले, त्यावरून स्रोत पसरट आहे हे समजले.

अंतरही काढता येते

तंतू आपल्या दिशेने किती वेगाने येतात हे वर्णपटावरून कळते: सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर. तुमच्या मोजणीतून केंद्रापासूनची वार्षिक सरक विकलांत मिळते. जोडीतल्या अंतराची वाढ दोन्ही बाजूंची असते, म्हणून आधी तिची निम्मी करा, हे विसरले की अंतर अर्धेच येते. मग १५०० भागिले (४.७४ गुणिले वार्षिक सरक) एवढे पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे; ४.७४ हा फक्त एकके जुळवणारा आकडा). सरक ०.१६ विकला धरली तर सुमारे १९८० पार्सेक, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार प्रकाशवर्षे. लांब अक्षावरच्या गाठी घेतल्या तर अंतर कमी येईल, आखूड अक्षावरच्या घेतल्या तर जास्त. तेजोमेघ गोल नाही आणि आपल्या दिशेने तो किती लांब आहे ते थेट दिसत नाही. त्यामुळे दोन्ही अक्षांची उत्तरे वेगवेगळी लिहा, सरासरीत लपवू नका.

वहीत प्रत्येक जोडीचे विषुवांश, क्रांती, दोन्ही तारखा आणि तिन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा. पुढे एखाद्या मोठ्या दुर्बिणीतून नवा फोटो मिळाला की त्याच गाठी पुन्हा मोजता येतील, आणि मधली वर्षे चाळीसऐवजी सत्तर झाल्यामुळे एका विकलेची चूक साठ नव्हे, पस्तीस वर्षांवर येईल.